हस्तर कुठून आला?

‘तुंबाड’ हा चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी आला आणि १३ सप्टेंबर २०२४ रोजी पुन्हा चित्रपटगृहांत लागला. दुसऱ्या खेपेला त्याने पहिल्यापेक्षा जास्त कमाई केली. त्या दिवसांत दिल्ली-नोएडातल्या हिंदी आणि बंगाली मित्रमंडळींनी मला एकच प्रश्न वारंवार विचारला: हा हस्तर तुमच्या कुठल्या पुराणातला? मराठीतून अनुवाद करणारी म्हणून उत्तर मला ठाऊक असणार, असे त्यांनी गृहीत धरले होते. हस्तर कोकणातल्या कुठल्याही दैवतकथेत नाही. पण तो कोऱ्या कल्पनेतूनही आलेला नाही. त्याचा प्रवास सव्वाशे वर्षांचा आहे. भयकथेचे रूपांतर कसे होते आणि त्यात कोणाचे नाव मागे पडते, हे त्या प्रवासातून चांगले कळते.

‘हॅस्टर’ हे नाव प्रथम भेटते ते अँब्रोज बिअर्स या अमेरिकी लेखकाच्या १८९१ मधल्या एका कथेत. तिथे तो मेंढपाळांचा सौम्य देव आहे. १८९५ मध्ये रॉबर्ट चेंबर्सने ‘द किंग इन यलो’ या कथासंग्रहात ते नाव उचलले. तिथे ते कधी स्थळाचे वाटते, कधी माणसाचे. १९३१ मध्ये लव्हक्राफ्टच्या एका दीर्घकथेत त्याचा ओझरता उल्लेख आला. पुढे लव्हक्राफ्टचा अनुयायी ऑगस्ट डर्लेथ याने त्याला अमंगळ महादैवतांच्या पंगतीत बसवले. १९८४ मध्ये स्टीफन किंगने ‘ग्रामा’ नावाची कथा लिहिली. त्या कथेत आजीला झोपवायला हॅस्टरचेच नाव घ्यावे लागते. ‘तुंबाड’ पाहिलेल्यांना इथे ओळख पटेल: साखळदंडांनी बांधलेल्या म्हातारीला झोपवायला तिथेही हस्तरचेच नाव घेतात.

किंगची कथा आणि हा हिंदी चित्रपट यांच्यामध्ये एक मराठी लेखक उभा आहे. नारायण धारप (१९२५–२००८) यांची शंभराच्या आसपास पुस्तके झाली. वाचनालयांतून ती हातोहात फिरत. धारपांनी स्वतंत्र लेखन भरपूर केले. ‘समर्थ’ हे त्यांचे पात्र पिढ्यान्‌पिढ्या वाचकांच्या ओळखीचे आहे. पण त्यांनी परक्या भयकथाही मराठीत आणल्या. ‘लुचाई’चे मूळ किंगच्या ‘सेलम्स लॉट’ या १९७५ मधल्या कादंबरीत आहे आणि ‘आजी’ या कथेचे ‘ग्रामा’त. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलेली हकिकत अशी, की १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्यांना धारपांची ही गोष्ट ऐकवली आणि ती मनातून जाईना. पटकथेचा पहिला खर्डा १९९७ मध्ये झाला आणि चित्रपट पडद्यावर यायला आणखी एकवीस वर्षे लागली. म्हणजे अमेरिकी नियतकालिकातून मराठी पुस्तकात, पुस्तकातून जंगलातल्या गप्पांत आणि तिथून हिंदी चित्रपटात, असा हा प्रवास झाला. मधला टप्पा तर तोंडी आहे. आपल्याकडे भुताची गोष्ट अशीच तर फिरत आली.

या दोन्ही कथा अमेरिकेतही पुस्तकाबाहेर पडल्या. ‘सेलम्स लॉट’वर १९७९ मध्ये टोबी हूपरने दूरचित्रवाणीसाठी लघुमालिका केली. ‘ग्रामा’वर १९८६ मध्ये ‘द ट्वायलाइट झोन’ मालिकेचा एक भाग झाला. त्याची पटकथा हार्लन एलिसन या नामवंत लेखकाची होती. तो भाग मूळ कथेच्या घरातच राहतो. मराठीमार्गे गेलेली कथा मात्र घर बदलते, आणि माझ्या मते तिचे खरे काम तिथेच सुरू होते.

मूळ कथेत मोठ्या भावाचा खेळताना पाय मोडतो, आई त्याच्यासाठी इस्पितळात जाते आणि अकरा वर्षांचा मुलगा अंथरुणाला खिळलेल्या आजीजवळ एकटा उरतो. ‘तुंबाड’मध्ये भाऊ झाडावरून पडतो, आई त्याला उपचारासाठी घेऊन जाते आणि विनायक म्हातारीला जेवू घालायला एकटा उरतो. सांगाडा तोच आहे. भीती मात्र निराळी. किंगच्या मुलाला आजीच्या मिठीची भीती वाटते: ती जवळ घेईल आणि तिच्यातले काहीतरी आपल्यात शिरेल. विनायकला आजीची भीती वाटतेच, पण तिच्याकडे असलेल्या गुपिताची ओढ त्याहून जास्त आहे. मोठा झाल्यावर तो परत येतो तो त्या गुपितासाठीच. वारशाची गोष्ट दोन्हीकडे आहे. एकीकडे वारसा मुलावर झडप घालतो, दुसरीकडे मुलगाच वारशाच्या मागे धावतो.

हा बदल कशामुळे शक्य झाला, हे शोधायला भयकथेच्या बाहेर जावे लागते. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या १९८७ मधल्या द्विखंडी कादंबरीवरून घेतले आहे. त्या कादंबरीत भूत नाही. खेड तालुक्यात, जगबुडी नदीच्या काठी, एका खोत घराण्याच्या चार पिढ्यांची ती कहाणी आहे. पेंडशांना ‘रथचक्र’साठी १९६३ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता; धारप वाचनालयांतून घरोघर वाचले जात, पण समीक्षेत त्यांना क्वचितच जागा मिळाली. मराठी साहित्याच्या चर्चेत हे दोघे एका पानावर सहसा येत नाहीत. चित्रपटाने त्यांना एका वाड्यात आणले. भयकथेला कोकणातली जमीन मिळाली, वाडा मिळाला, ‘सरकार’ म्हणून वावरणारा धनी मिळाला आणि त्याच्या दारात आशेने राबणारी विधवा मिळाली.

चित्रपटाचे तीन टप्पे १९१८, १९३३ आणि १९४७ मधले आहेत. खोत म्हणजे सरकार आणि कुळे यांच्यामधला सारा वसूल करणारा. कुळाच्या धान्यावर त्याचा हात आधी पडे. ही पद्धत रद्द करण्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात मांडले. कायदा झाला १९४९ मध्ये. हा इतिहास माहीत असलेल्या प्रेक्षकाला हस्तरची कथा वेगळी दिसते. पूर्तीच्या देवीचा हा थोरला मुलगा सोने बळकावतो, मग धान्यावर झेपावतो आणि तिथे अडवला जातो. पुढे त्याला भूक पिठाची आणि भीतीही पिठाचीच. मेंढपाळांचा देव कोकणात येऊन धान्याचा भुकेला होतो, यापेक्षा नेमके रूपांतर मला सुचत नाही. त्याची पूजा होऊ नये, त्याचे नाव कोणी घेऊ नये, अशी अटही चित्रपटाने त्याच्यावर घातली आहे.

अशी देशांतरे मराठीला नवी नाहीत. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले १८८३ मध्ये. देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला त्यानंतर काही वर्षांनी. ‘रूपांतर’ हा शब्द या परंपरेने आपल्याला दिला. त्यात मूळ लपवायचे नसे, पण परके वाटू द्यायचेही नसे. भयकथेत मात्र घर बदलण्याची ही कसोटी फार कडक असते. विनोद थोडा परका राहिला तरी चालतो; परकी भीती मात्र भीती राहतच नाही, ती करमणूक होते. वाचकाच्या घरात आधीच जे दडलेले आहे तेच रूपांतरकाराला शोधावे लागते. रत्नाकर मतकरींना हा शोध बाहेर घ्यावा लागला नाही. त्यांच्या गूढकथा चाळीतल्या, मध्यमवर्गीय घरातल्या होत्या, आणि ‘गहिरे पाणी’ मालिकेत त्या पडद्यावर आल्या त्याही त्याच घरांतून. धारपांच्या ‘ग्रहण’ कादंबरीवरची मालिकाही ‘तुंबाड’च्याच वर्षी झी मराठीवर आली. तिच्यापुढची अडचण वेगळी होती: एका रात्रीत वाचून संपणारे भय रोज रात्री थोडे थोडे वाढायचे.

आता नावाचा प्रश्न. चित्रपटाच्या इतिहासात भयकथेचे रूपांतर आणि मालकीचा वाद ही जुळी भावंडे आहेत. ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’वरून १९२२ मध्ये जर्मनीत मुर्नाऊने ‘नोस्फेराटू’ केला. परवानगी घेतली नव्हती; ड्रॅक्युलाचा ऑरलॉक केला, इतकेच. स्टोकरच्या विधवेने दावा लावला आणि १९२५ मध्ये न्यायालयाने सगळ्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. काही प्रती वाचल्या, म्हणून आज आपण तो पाहू शकतो. नावे बदलणे हा तिथे पळवाटेचा मार्ग होता. धारपांकडे नावे बदलणे हा वाचकाच्या घरात शिरण्याचा मार्ग होता. कायदा या दोहोंत फरक करत नाही; वाचकाने करायला हवा.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अनुवादाचा आणि रूपांतराचा हक्क मूळ लेखकाकडे आहे. त्याच कायद्याचे कलम ५७ त्याहून पुढे जाते. मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’वरच्या चित्रपटाचे प्रकरण १९८६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात आले, तेव्हा न्यायालयाने म्हटले की हक्क विकल्यावरही कृतीच्या विकृतीविरुद्ध उभे राहण्याचा लेखकाचा अधिकार संपत नाही. अनुवादक म्हणून मला तो निकाल फार मोलाचा वाटतो. पण त्यातला लेखक एकच आहे आणि कृतीही एकच. हस्तरसारख्या प्रकरणात पाच-सहा लेखक, तीन भाषा आणि एक गोष्ट सांगणारा मित्र आहे. मधल्या रूपांतरकाराचे स्थान काय, यावर न्यायालयापेक्षा साहित्याच्या इतिहासकारांनी बोलायला हवे.

ते बोलणे आजवर दोन टोकांनी होते. धारपांचे चाहते त्यांना ‘भयकथेचे सम्राट’ म्हणतात आणि किंगचे नाव आले की गप्प बसतात. दुसरे लोक किंगचे नाव कळताच धारपांना नक्कलकार ठरवून मोकळे होतात. दोघेही एकच चूक करतात: मधल्या माणसाने काय केले, ते वाचतच नाहीत. किंगची कथा मराठीत आली नसती तर नागझिऱ्यात ती कोणी सांगितली नसती. धारपांचे ऋण सांगताना किंगचे ऋण लपवण्याचे कारण नाही, आणि किंगचे सांगताना धारपांना पुसून टाकण्याचेही नाही. ‘लुचाई’ आणि ‘आजी’ची नवी आवृत्ती निघेल तेव्हा मुखपृष्ठाच्या आत मूळ कथा, तिचा लेखक आणि वर्ष छापावे, आणि मूळ शेजारी ठेवून धारपांनी काय बदलले याची चार पानांची टिपण जोडावी. तुलनात्मक साहित्याच्या वर्गात ‘विकारविलसित’ असेच शिकवले जाते. ‘आजी’लाही तेवढा मान मिळाला, तर एका भाषेतली भीती दुसऱ्या भाषेत कशी राहायला जाते, याचा चांगला धडा विद्यार्थ्यांच्या हाती लागेल.