लेपापासून सूक्ष्मवाहकापर्यंत : एक शब्द आणि एक प्रश्न

पंढरपूर येथे चैत्रापासून मृग नक्षत्रापर्यंत श्रीविठ्ठलमूर्तीस दुपारी चंदनाची उटी लावितात. ‘उटी’ हा शब्द ‘उटण्या’चा सगोत्र असून दोहोंचे मूळ संस्कृत ‘उद्वर्तना’त आहे. त्याच मूर्तीची झीज रोखण्यासाठी २०२० साली वज्रलेप करण्यात आला. पाषाणावरील लेपाने बाहेरच राहावे, अशी अपेक्षा असते. वारी करून आलेल्या यात्रेकरूच्या सुजल्या पायावरील औषधी लेपाने मात्र आत शिरावयाचे असते. ‘लिप्’ धातूत माखणे व चिकटणे एवढाच अर्थ आहे. आत शिरण्याची अपेक्षा वैद्यकाने त्यावर लादली.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात प्रलेप, प्रदेह व आलेप असे तीन भेद सांगितले असून लेप केसांच्या उलट दिशेने लावावा, असा दंडक आहे. कारण तेणेकरून औषध नीट टिकते, रोमकूपांत शिरते आणि स्वेदवाही मुखांवाटे आपले वीर्य प्रकट करते. येथे शिरण्याची वाट प्रथम स्पष्टपणे सांगितलेली दिसते. अलीकडील प्रयोगांतही, त्वचा चोळली असता सूक्ष्मकण रोमकूपांत खोलवर जातात, असे आढळून आले आहे. हे साम्य लक्षणीय आहे. परंतु ते वाटेचे आहे, वाहनाचे नव्हे.

वाहनाची अडचण निराळीच. त्वचेचा बाह्यतम थर १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा, मृत पेशींचा असतो आणि पेशींमधील फटी स्निग्ध द्रव्यांनी लिंपलेल्या असतात. (निसर्गानेही लेपच घातला आहे!) सुमारे ५०० डाल्टनहून जड रेणूंस त्यातून वाट मिळणे कठीण. हळदीतील कर्क्युमिन ३६८ डाल्टनचे, म्हणजे वजनाने पात्र. परंतु ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि स्निग्ध थराखालच्या जलमय थरांत त्याचे पाऊल अडखळते. १९६४ साली केंब्रिजजवळ बाब्रहॅम येथे ॲलेक बँगहॅम यांनी स्निग्ध पटलांच्या पाणीधारक पुटिका दाखविल्या. पुढे लायपोसोम म्हणून ओळखल्या गेलेल्या या पुटिकांतून त्वचेवाटे औषध देण्याचा प्रयोग १९८० साली कॅनडात झाला. त्यानंतर इटलीत वनस्पतिजन्य घटक फॉस्फोलिपिडाशी जोडण्याची रीत, म्युनिकमध्ये लवचीक पुटिका आणि जेरुसलेममध्ये मद्यार्कयुक्त पुटिका सिद्ध झाल्या.

आपल्याकडे मात्र ‘हे सर्व प्राचीनांस ठाऊक होते’ असे म्हणण्याची घाई होते. ती निरुपद्रवी नाही. १९९५ मध्ये जखमेवर हळद लावण्याचे अमेरिकी पेटंट मिसिसिपी विद्यापीठास मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास हरकत घेतली. ३२ संदर्भ सादर झाले. त्यांत संस्कृत, उर्दू व हिंदी लेखनही होते. १९९७ मध्ये दावे रद्द झाले. हा विजय अभिमानाच्या भाषणांनी मिळाला नाही. कोणत्या ग्रंथात, कोणत्या काळी, कोणत्या अर्थाने काय लिहिले आहे, हे दाखविता आले म्हणून मिळाला. सूक्ष्मवाहकांच्या पेटंटांत बहुधा हळदीच्या उपयोगावर नव्हे, तर पुटिकेच्या घडणीवर हक्क सांगितलेला असतो. आणि ती घडण सुश्रुतात नाही. ‘लेप’ या शब्दावर तिचा भार टाकिला, तर परीक्षक तो शब्द पदच्छेदापर्यंत तपासतील, आणि मग जेथे आपला पुरावा खरोखर बळकट आहे, त्या रोमकूपाच्या वाक्याकडेही ते संशयाने पाहतील.