शब्दवेध : विसावा

संस्कृतातला 'विश्राम' प्राकृतात 'विस्साम' झाला आणि मराठीत येता येता 'म'चा 'व' होऊन 'विसावा' बनला. ग्रामचं गाव, नामचं नाव झालं, तसाच. रावेर-यावलच्या केळीबागेत घड वाहणारा मजूर बांधावर भार उतरवतो, मानेवरचा ओला रुमाल पिळतो, मगच बोलतो. त्या क्षणाला 'विश्रांती' म्हणवत नाही, तो विसावाच. मुक्ताईची पालखी वाटेत घेते तो विसावा. तिरडी वाटेत टेकवतात, तोही विसावाच.

मराठी बायबलने नेमका हाच शब्द घेतला, याचं मला फार मोल वाटतं. मत्तयच्या शुभवर्तमानात, 11व्या अध्यायात, येशू ओझ्याने वाकलेल्यांना जवळ बोलावतो आणि विसावा देऊ करतो. लगेच पुढे म्हणतो, माझं जू घ्या! म्हणजे काम सुटलेलं नाही, वाट उरलीच आहे. फक्त ते जू एकट्याने ओढायचं नाही. धुळ्या-जळगावच्या चर्चमध्ये बसलेल्या शेतकऱ्याला हे उलगडून सांगावं लागत नसणार. जोडीतले दोन्ही बैल बरोबरीने ओढत असले की सगळा भार एकाच मानेवर येत नाही, हे त्याने नांगरामागे चालताना पाहिलेलं असतं.