अंधेरीचा जुना गोखले पूल आणि कृष्णधवल फिल्म
अंधेरीची पूर्व-पश्चिम बाजू रेल्वेमार्गावरून जोडणारा गोपाळ कृष्ण गोखले पूल 1975मध्ये उभा राहिला, तेव्हा रंगीत फिल्म महाग होती आणि उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ ही कृष्णधवल फिल्म बाजारात मिळत असे. अशा फिल्मवरील जिलेटिनच्या थरातले चांदीच्या क्षारांचे प्रकाश लागलेले कण डेव्हलपरमध्ये काळे पडतात आणि निगेटिव्ह, म्हणजे उलट छायाप्रकाशाची प्रतिमा, तयार होते. ही फिल्म निळ्या प्रकाशाला अधिक संवेदनशील असल्याने आकाश पांढरेफटक उमटते, म्हणून भिंगापुढे पिवळा फिल्टर लावावा लागतो. मग ढग उठून दिसतात आणि पुलाची कड स्पष्ट होते. नोव्हेंबर 2022मध्ये बंद झालेला हा पूल पुढे पाडला गेला, त्यामुळे उपनगरातील कुटुंबांनी त्याच्या जुन्या निगेटिव्ह रद्दीत देऊ नयेत.