डिस्ने व्हेकेशन क्लब

डिस्ने व्हेकेशन क्लब ही अमेरिकेतील वॉल्ट डिस्ने कंपनीची पॉइंटवर आधारित टाइमशेअर योजना आहे. ती १९९१ साली फ्लोरिडा राज्यात सुरू झाली. सदस्य एखाद्या रिसॉर्टमधील मर्यादित मुदतीचा हिस्सा विकत घेतो व त्या प्रमाणात त्याला दरवर्षी पॉइंट मिळतात.

वापर
मुक्कामास लागणारे पॉइंट खोली व हंगाम यांनुसार बदलतात. स्वतःच्या रिसॉर्टचे आरक्षण ११ महिने, तर इतर रिसॉर्टचे ७ महिने आधी करता येते. शिल्लक पॉइंट पुढील वर्षासाठी राखता येतात. मुदतीत न राखल्यास व न वापरल्यास ते बुडतात.

खरेदी
पॉइंट कंपनीकडून किंवा जुन्या सदस्याकडून घेता येतात. पुनर्विक्रीत किंमत सहसा कमी असते, परंतु काही सवलती मिळत नाहीत. अशा सौद्यात खरेदीचा पहिला हक्क कंपनीचा असतो.

भाड्याने देणे
मुक्काम केला नाही, तरी वार्षिक शुल्क भरावेच लागते. त्यामुळे काही सदस्य दुसऱ्याच्या नावे आरक्षण करून मोबदला घेतात. व्यापारी स्वरूपाच्या वापरास मात्र मनाई आहे. आरक्षण बदलण्याचा अधिकार सदस्याकडेच राहत असल्याने भाडेकरूने लेखी करार करणे हिताचे असते.

मुदत
अनेक जुन्या रिसॉर्टमधील हिस्से ३१ जानेवारी २०४२ रोजी संपुष्टात येतील.