नारळाचे मोठे झाड दुसरीकडे हलवता येते का?

कोपरगावात घर वाढवायचे ठरले की अंगणातला नारळ हमखास आडवा येतो. बाणवलीसारख्या उंच जातीला फळ धरायलाच सहा-सात वर्षे लागतात, त्यामुळे झाड तोडायला मन होत नाही. ते हलवता येते, पण नीट तयारी केली तरच.

कडुनिंब आणि नारळ यांत फरक काय?
नारळाला सोटमूळ नसते. खोडाच्या तळातून असंख्य सारख्या जाडीची मुळे निघतात आणि नवी मुळे आयुष्यभर येत राहतात. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाच्या अभ्यासात नारळाच्या तोडलेल्या मुळांपैकी सुमारे निम्म्या मुळांना पुन्हा फुटवे आले. म्हणून मातीचा लहान गोळा घेऊनही नारळ हलवता येतो.
पण कडुनिंब छाटला तरी पुन्हा फुटतो, नारळ फुटत नाही. त्याला शेंड्यात एकच कोंब असतो. तो मोडला की झाड गेले.

कधी हलवावे?
पावसाळ्याच्या तोंडावर. जमीन उबदार आणि ओलसर असली की मुळे लवकर धरतात. थंडीत त्यांची वाढ मंदावते.

कसे हलवावे?
• नवा खड्डा आधीच खणून ठेवा.
• आदल्या दिवशी झाडाला भरपूर पाणी द्या.
• जुन्या झावळ्या काढा. उरलेल्या कोंबाभोवती सैल बांधा.
• खोडापासून किमान एक फूट अंतर सोडून चर खणा. झाड उंच असेल तर गोळा मोठा ठेवा.
• उचलताना साखळी नको, रुंद पट्टा वापरा. शेंड्याला हिसका बसू देऊ नका.
• झाड पूर्वी होते तेवढ्याच खोलीवर लावा. जास्त खोल गाडल्यास मुळे गुदमरतात.
• टेकू बांधा. खोडात खिळे ठोकू नका, ती जखम कधीच भरून येत नाही.

काळ्या मातीत काय जपावे?
गोदाकाठची काळी माती पाणी धरून ठेवते. खड्ड्यात पाणी साचले तर मुळे कुजतात, म्हणून जादा पाणी बाहेर जाऊ द्या. तरीही पुढचे चार-सहा महिने गोळा कोरडा पडता कामा नये. ताज्या जखमांच्या वासाने सोंड्या भुंगा येतो. शेंड्याकडे लक्ष ठेवा.

झाड जगले हे कसे ओळखावे?
हिरव्या झावळ्यांवर विसंबू नका. खोडात साठलेल्या पाण्यावर त्या बरेच दिवस तग धरतात. मधल्या न उमललेल्या पानावर शाईने खूण करा. खूण वर सरकू लागली तर झाड वाढते आहे.

परवानगी लागते का?
शहराच्या हद्दीत लागते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खासगी जागेतील झाडांनाही लागू आहे. त्यामुळे जेसीबी बोलावण्याआधी नगरपरिषदेत अर्ज करा.