मापकाची साक्ष

अमेरिकेच्या टेक्सास राज्यांतील टेक्सास सिटी या गांवीं, बीपी कंपनीच्या तेलशुद्धीच्या कारखान्यांत, २३ मार्च २००५ रोजीं भीषण स्फोट झाला. १५ माणसें प्राणांस मुकलीं व १८० जखमी झालीं. या अनर्थास जीं कारणें मिळालीं, त्यांत एका मापकाची खोटी साक्ष हें एक मोठें कारण होतें.

दुरुस्तीनंतर तेथील १७० फूट उंचीचा ऊर्ध्वपातनाचा मनोरा पुनः चालू होत होता. त्याच्या तळचें पातळीमापक अवघ्या कांहीं फुटांपुरतें होतें. द्रवांत लोंबणारें नळकांडें जितकें बुडेल तितकें हलकें भासतें, व त्यावरून पातळी कळते, तत्त्व आर्किमिडीजचेंच. परंतु नळकांडें पूर्ण बुडाल्यावर पातळी कितीहि चढली तरी तें अधिक हलकें होत नाहीं. उलट द्रव तापून विरळ झाला कीं जड भासूं लागतें. म्हणून द्रव चढत असतां मापक पातळी उतरत असल्याचें सांगूं लागलें. दुपारीं एकच्या सुमारास त्यावर ७.९ फूट दिसत होते. खरी पातळी १५८ फूट होती! अति पातळीची स्वतंत्र सूचना वाजली नाहीं, आणि पातळी डोळ्यांनीं पाहण्याची कांच मळून गेली होती.

तरीहि सत्य कळण्याचा एक मार्ग होता. शाळेंतील हौदाचें गणित कोणास ठाऊक नाहीं? एका तोटीनें आलेलें व दुसरीनें गेलेलें पाणी यांच्या वजाबाकींतून साठा निघतो. त्या दिवशीं सुमारें तीन तास मनोऱ्यांत द्रव येत होता, बाहेर जात नव्हता. पण आवक व जावक निरनिराळ्या पडद्यांवर दिसे. एकूण साठा मांडून दाखविण्याची सोय नव्हती.

असा जमाखर्च ठेवण्याचें शास्त्र तेव्हां जुनें झालें होतें. रुडॉल्फ काल्मन यांनीं १९६० सालीं व डेव्हिड लुएनबर्गर यांनीं १९६४ सालीं, मोजतां येतें त्यावरून न दिसणाऱ्या अवस्थेचें अनुमान करण्याच्या रीति मांडल्या. यंत्राच्या जोडीला त्याची गणिती प्रतिकृति चालते. मापक काय दाखवील तें ती आधीं वर्तविते आणि प्रत्यक्ष माप येतांच स्वतःस सुधारून घेते. भाकीत व माप यांत उरते ती बाकी. ती सारखी वाढूं लागली, तर मापक तरी चुकतें आहे किंवा यंत्र तरी बिघडलें आहे. बाकी कोणत्या दिशेनें वाढते यावरून बिघडलेला भाग ओळखण्याची युक्ति रिचर्ड बिअर्ड यांनीं १९७१ च्या प्रबंधांत दाखविली.

मात्र आरंभींचीं हीं गणितें सरळ प्रमाणाचीं होतीं. रसायनांच्या कारखान्यांत त्रैराशिक चालत नाहीं. तापमान थोडें चढलें तरी क्रियेचा वेग कितीतरी वाढतो. अशा ठिकाणीं वक्र रेषेचा लहानसा तुकडा क्षणापुरता सरळ मानून पुढें जावें लागतें. ही रीत स्टॅन्ली श्मिट व त्यांचे सहकारी यांनीं अपोलो चांद्रयोजनेच्या तयारींत वापरली, व पुढें ती कारखान्यांतहि आली.

या रीतीसहि मर्यादा आहे. प्रतिकृतिच सदोष असली, तर खऱ्या मापकावरहि आळ येतो. म्हणून एकाच साक्षीदारावर निकाल न देतां पातळी, आवक, जावक, दाब व तापमान यांचा मेळ पाहावा लागतो.

टेक्सास सिटींत तो मेळ कोणी पाहिला नाहीं. मृत्यु पावलेले पंधराहि जण कंत्राटदारांकडील कामगार होते. ते जवळच्या तात्पुरत्या कचेऱ्यांत किंवा त्यांच्या आसपास होते, आणि मनोरा चालू होत आहे हें त्यांस कोणी कळविलें नव्हतें.