टसरच्या पाखराचा माग

फाल्गुन-चैत्रात पानगळ झाली, की एखाद्या बोरीच्या किंवा ऐनाच्या उघड्या फांदीवर सुपारीहून मोठे, अंड्याच्या आकाराचे, राखी-पिवळे काहीतरी लोंबताना दिसते. मुले त्याला फळ समजतात. पण देठ नीट पाहा. तो काडीतून फुटलेला नसतो, तिच्याभोवती कडे घालून बसलेला असतो. हा टसर रेशमाचा कोसा.

या कोशाने आपल्या मुलखात मोठमोठ्यांना थांबवले आहे. कर्नल साइक्स हा मुंबई सरकारचा अधिकारी दख्खनची पाहणी करीत हिंडला. 1830 नंतरच्या काही वर्षांत त्याने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे दख्खनच्या या किड्याची हकीकत मांडली. त्याने नाव लिहिले ‘कोलिसुरा’. मराठे लोक कोसा कापून त्याच्या वाद्या काढतात आणि बंदुकीची नळी दस्त्याला त्या वाद्यांनी बांधतात, हे त्याने नोंदवले. म्हणजे रेशीम काढणे माहीत नसले, तरी कोशाची चिवटाई आपल्या लोकांना पुरती ठाऊक होती! पुढे 1870 नंतर मेजर कूसमेकर याने पुण्यात टसरचे किडे पाळून पाहिले. पण पुण्याकडे तो धंदा रुजला नाही. तो टिकला विदर्भात. गडचिरोली-भंडाऱ्याकडे ढिवर मंडळी ऐनावर किडे वाढवतात आणि तेथील कोष्टी त्याचे कापड विणतात.

आता ओळख. याच पाखराचे वर्णन ड्रुरी याने 1773 साली केले. शास्त्रीय नाव अँथेरिया मायलिट्टा. चारही पंखांवर एकेक वाटोळा, काचेसारखा आरपार डोळा असतो. नर बहुधा तांबूस, मादी पिवळसर. पण रंगात फार फरक पडतो, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नये. अ‍ॅटलस पतंगाच्या पंखावरची खिडकी त्रिकोणी असते. चांद-पतंग फिकट हिरवा आणि लांब शेपटांचा. या तिघांत गल्लत नको.

पाखरू स्वतः काही खात नाही, थोडेच दिवस जगते आणि रात्री उडते. म्हणून त्याचा मुलूख ठरवायला कोसाच खरा साक्षीदार. पाखरू उडून गेले, तरी तोंडाशी भोक पडलेला कोसा फांदीला राहतो.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात बांधावरच्या बोरी तुटल्या, माळांवर शेड उभ्या राहिल्या. झाड गेले, की पाखरूही जाते. आणि ते कधी होते, हे सांगणारेही कोणी उरत नाही. तेव्हा गुरुजी, एवढे करा. मुलांना कोसा दिसला, तर गाव, झाड आणि तारीख शाळेच्या वहीत लिहून ठेवा. भरलेला कोसा मात्र फांदीवरच राहू द्या. मृगाचा पाऊस पडला, की त्यातून पाखरू बाहेर यायचे आहे.